पोराटोरांचा रोडिओ

रोडिओ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? उधळलेला घोडा नाहीतर बैल, त्याच्यावर एका हाताने तग धरून बसलेला हॅटवाला बाप्या, आणि आठ सेकंदांच्या आत तो बाप्या धुळीत. हॉलिवूडची कृपा, दुसरं काय! कोलोरॅडोत इतकी वर्षं काढूनही माझं ज्ञान याच्या पुढे गेलं नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात टीममधल्या एकाने सांगितलं की त्याची अकरा वर्षांची मुलगी शनिवारी रोडिओत उतरणार आहे. शाळकरी पोरांचाही रोडिओ असतो हे मला तेव्हा कळलं. गेलो. आणि घरी आल्यावर नेहमीची खोड: हे सुरू कधी झालं, कोणी केलं, याचं वाचन. तर मंडळी, या वीकेंडला तेच.

सुरुवात शब्दापासून. स्पॅनिशमध्ये 'रोदेआर' म्हणजे घेरणे. मोकळ्या माळावर चरणारी गुरं ठरावीक हंगामात घेरून आणायची, कुठलं वासरू कोणाच्या गाईमागे आहे ते बघायचं आणि त्याला मालकाचा डाग द्यायचा, या कामाचं नाव रोडिओ. ते करणारे मेक्सिकन 'वाकेरो', म्हणजे शब्दशः गुराखी. लॅसो, लॅरिअट, चॅप्स हे सगळे शब्द तिकडूनच आले. ज्याला आपण शंभर टक्के अमेरिकन समजतो त्या काउबॉयची निम्मी शब्दसंपत्ती उसनी आहे! शिवाय तो गोराच असायचा असंही नाही. साधारण चारातला एक काउबॉय कृष्णवर्णीय होता असा इतिहासकारांचा अंदाज आहे.

यादवी युद्धानंतर टेक्ससची गुरं पायी हाकत रेल्वेपर्यंत न्यायचा धंदा जोरात आला (कॅन्ससमधलं अ‍ॅबिलीन, १८६७). काम कंटाळवाणं, पोरं तरुण. मग "आमच्या रँचचा घोडेस्वार भारी की तुमच्या" ही पैज लागणारच. ४ जुलै १८६९ ला कोलोरॅडोतल्या डिअर ट्रेलला अशी एक स्पर्धा झाली. पहिला रोडिओ हाच, असं ते गाव सांगतं. टेक्ससमधलं पेकॉस म्हणतं आमचा, १८८३ चा. अ‍ॅरिझोनातलं प्रेस्कॉट १८८८ चं साल पुढे करतं. पहिला सार्वजनिक गणपती कोणाचा यावर पुण्यात जी हमरीतुमरी चालते, तिचीच ही अमेरिकन आवृत्ती.

पण मला रस आहे तो पुढच्या भागात. १८७४ मध्ये ग्लिडनला काटेरी तारेचं पेटंट मिळालं आणि मोकळा माळ कुंपणांनी कापला जाऊ लागला. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यात गुरं कळपच्या कळप मेली. मोकाट चराईचे दिवस संपले. आणि नेमकं याच काळात, १८८३ मध्ये, बफेलो बिलने आपला 'वाइल्ड वेस्ट' शो काढला. १८९७ मध्ये शायएनचा मोठा रोडिओ सुरू झाला. म्हणजे काम मरत होतं तेव्हा त्याचा खेळ जन्माला आला. सिस्टिम बंद पडली, पण तिचा डेमो अजून चालू आहे, तसं काहीसं.

पोरांचा रोडिओ हा याचाच दुसरा अंक. १९४७ मध्ये टेक्ससमधल्या हॅलेट्सव्हिलला क्लॉड मलिन्स नावाच्या शाळा-प्रशासकाने हायस्कूलच्या मुलांची अजिंक्यपद स्पर्धा भरवली. १९४९ पर्यंत त्याची राष्ट्रीय संघटना झाली. कोलोरॅडोत लिटल्टनला १९५२ मध्ये 'लिटल ब्रिचेस' सुरू झालं, वय ५ ते १८. हे सगळं तेव्हाच का? १९३५ मध्ये अमेरिकेत ६८ लाख शेतं होती, २०२२ च्या गणनेत उरली १९ लाख. महायुद्धानंतर ही गळती डोळ्यांना दिसायला लागली होती. जे घरात आपोआप शिकता येत होतं, त्यासाठी आता नियम, वयोगट आणि बक्षिसं लागायला लागली. लिटल्टन आज डेन्व्हरचं चक्क उपनगर आहे.

प्रत्यक्ष मैदानावर मात्र इतिहास सुचत नाही. लोखंडी बाकावर शेजारी बसलेल्या आजोबांनी विचारलं, "तुमचं पोर कुठलं?" कुठलंच नाही, नुसता बघायला आलोय म्हटल्यावर त्यांनी मला नीट न्याहाळलं. इथे नुसतं बघायला कोणी येत नसावं. मग मेंढ्या आल्या. पाच-सहा वर्षांची पोरं हेल्मेट आणि जाकीट घालून मेंढीच्या पाठीवर पालथी, लोकर दोन्ही मुठींत. सहा सेकंद टिकायचं. बहुतेक दोनात खाली. एक पोरगी पडली आणि उठेचना. अख्खं मैदान गप्प. मग उठली, रडत रडतच हात हलवला, टाळ्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. पाच वर्षांच्या पोरीला यात विचारलं कोणी होतं?

मुलींवरून आठवलं. १९२९ मध्ये ओरेगनमधल्या पेंडलटनच्या रोडिओत बॉनी मॅकॅरोल ही नावाजलेली स्वार घोड्यावरून पडली आणि काही दिवसांनी गेली. त्यानंतर बायकांना उधळत्या घोड्यांवरून हळूहळू बाजूला काढण्यात आलं. १९८९ मध्ये शायएनला बैलाच्या धडकेने लेन फ्रॉस्ट मेला, तेव्हा पुरुषांसाठी संरक्षक जाकीट आलं. फरक बघा! १९४८ मध्ये ३८ जणींनी टेक्ससमधल्या सॅन अँजेलोला स्वतःचीच संघटना काढली. तीन पिंपांभोवती घोडा पळवायची बॅरल रेस आज इतकी मोठी आहे, त्यात या बायकांचा वाटा मोठा.

राहता राहिली जनावरं. लंडनला वेम्बलीत १९२४ मध्ये रोडिओ झाला, त्यावर एवढा गदारोळ उठला की ब्रिटनने १९३४ मध्ये कायदाच केला. आपल्याकडे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या, २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तो बदल मान्य केला. दोन्हीकडे 'परंपरा' हा हुकमाचा पत्ता. पण रोडिओतलं सगळंच कामातून आलेलं नाही. बैलावर बसायची गरज कुठल्याही रँचवर कधी पडली नव्हती, मेंढीवर तर नाहीच नाही. ते प्रेक्षकांसाठी. वासराला फास टाकणं हे मात्र खरं काम होतं आणि आजारी जनावर पकडायला अजूनही लागतं. त्या दिवशी मोठ्या मुलींनी ते केलं ते असं: दोरी खोगिराला साध्या सुतळीने बांधलेली. फास वासराच्या गळ्यात पडला, घोडा थांबला, दोरी ताणली की सुतळी तुटते आणि वासरू दोरीसकट पळून जातं. जेमतेम तीन सेकंद.