ऋषभनाथ, अकोटा

बडोद्याच्या अकोटा भागात (प्राचीन अंकोट्टक) सापडलेली पहिल्या जैन तीर्थंकराची उभी धातुमूर्ती. १९५१ मध्ये येथे ६८ जैन धातुमूर्तींचा साठा उजेडात आला. संशोधक उमाकांत शहा यांचा त्यावरील ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला. शहा यांनी ही मूर्ती इ. स. ५ व्या शतकाच्या उत्तरार्धातील मानली. तिच्या अंगावर धोतर आहे. ज्ञात तीर्थंकरमूर्तींत वस्त्राचा हा सर्वांत जुना पुरावा असून श्वेतांबर परंपरेच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे.

ऋषभनाथांना आदिनाथ व प्रजापती म्हणत असले, तरी ते जगाचे निर्माते नव्हेत. जैन मते विश्व अनादी आहे. जिनसेनाचार्यांनी आदिपुराणात (९ वे शतक) सृष्टिकर्त्याची कल्पना तर्काने खोडून काढली आहे. कल्पवृक्ष निष्फळ होऊ लागले तेव्हा ऋषभनाथांनी लोकांना शेती, लेखन, शस्त्रविद्या आणि शिल्पकला शिकवल्या, अशी कथा आहे. दक्षिण अमेरिकेतील इंका लोकांचा देव विराकोचाही असाच देशभर फिरून माणसांना विद्या शिकवतो. पण त्याआधी तो सूर्य, चंद्र व मानव घडवतो आणि बिघडलेली पहिली पिढी पुरात बुडवतो. साम्य आहे ते केवळ गुरूच्या भूमिकेत. अकोट्याच्या मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत.