छबिलदासचा रंगमंच

दिल्लीत राहणाऱ्या मराठी माणसास नाटक म्हटले की मुंबई-पुण्याहून येणारी मंडळी, आगाऊ राखून ठेवलेले मोठे सभागृह आणि वर्षाकाठी होणारे एक-दोन प्रयोग, एवढेच बहुधा आठवते. रंगभूमी म्हणजे इमारत, पडदा आणि खर्च, हा समज त्यामुळे दृढ होतो. तो किती अपुरा आहे हे ज्या एका जागेने दाखवून दिले, तिचा वृत्तांत आम्ही येथे वाचकांपुढे ठेवीत आहो. ती जागा म्हणजे मुंबईत दादर स्थानकाच्या पश्चिमेस असलेल्या छबिलदास मुलांच्या शाळेचे सभागृह.

१९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'ने मराठीत प्रायोगिक नाटकाची वाट रुळविली. विजय तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' १९६७ साली याच संस्थेने रंगमंचावर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते आणि बेणारेबाईंची भूमिका सुलभा देशपांडे यांची. पुढे संस्थेत फूट पडली. देशपांडे पतिपत्नी, अरुण काकडे प्रभृतींनी १९७१ साली 'आविष्कार'ची स्थापना केली. उत्साह होता, नाटके होती. नव्हती ती हक्काची जागा. ज्या नाटकास शंभर प्रेक्षक मिळण्याचीही शाश्वती नाही, त्याने मोठ्या नाट्यगृहाचे भाडे कोठून द्यावे?

उत्तर शाळेत सापडले. नाटकातील बेणारेबाई शिक्षिका. त्या रंगविणाऱ्या सुलभाबाईही एके काळी छबिलदासमध्येच शिकवीत असत. १९७४ पासून तेथील सभागृहात 'आविष्कार'चे प्रयोग होऊ लागले. दिवसा शाळा आणि सायंकाळी नाटक! सोयी बेताच्या, बाहेरच्या बाजाराचा व आगगाड्यांचा आवाज संवादांत मिसळे. परंतु प्रेक्षक नटाच्या इतका निकट बसे की, आवाज न चढविताही बोलता येई. उंच रंगमंचाचे बंधन नसल्याने अमोल पालेकरांनी बादल सरकारांचे 'जुलूस' प्रेक्षकांच्या मधोमध घडविले. मुख्य म्हणजे ही जागा 'आविष्कार'ने स्वतःपुरती राखली नाही. इतर संस्थांनाही तेथे वाव मिळाला, आणि 'छबिलदास' हे शाळेचे नाव एका नाट्यचळवळीचे नाव होऊन बसले.

त्याच काळातील दिल्लीचे चित्र ताडून पाहण्यासारखे आहे. येथे संगीत नाटक अकादमीने १९५९ साली राष्ट्रीय नाट्यविद्यालय काढले. पुण्यात जन्मलेले इब्राहिम अल्काझी १९६२ ते १९७७ पर्यंत त्याचे संचालक होते. १९६३ साली त्यांनी फिरोजशाह कोटल्याच्या भग्नावशेषांत 'अंधा युग' सादर केले. राजधानीत शासनाचा आश्रय होता, शिस्तबद्ध शिक्षण होते. दादरला यांपैकी काहीच नव्हते. तेथे होती ती सवय. नाटक पडले तरी पुढचे नाटक करता येईल, एवढे अल्प भाडे आणि एवढी निश्चित जागा असली म्हणजे लेखक धीट होतो. आमच्या मते छबिलदासचे खरे कार्य हेच.

परक्या छपराखालचा संसार मात्र कायमचा नसतो. नव्वदच्या दशकाच्या आरंभी छबिलदासमधील पर्व संपले आणि 'आविष्कार'ने माहीमच्या महापालिका शाळेत बिऱ्हाड हलविले. म्हणजे पुन्हा शाळाच! अरविंद देशपांडे १९८७ सालीच निवर्तले होते. सुलभाबाईंनी 'चंद्रशाला' या शाखेद्वारे मुलांचे नाटक वाढविले. त्या २०१६ साली, व काकडे २०१९ साली कालवश झाले.

बदलीच्या गावी राहणाऱ्या आपणां सर्वांस या इतिहासाचे अगत्य असावे. मराठी नाटक लिहिण्यासाठी महाराष्ट्रातच राहिले पाहिजे असेही नाही. 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चे कर्ते गो. पु. देशपांडे येथे जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन करीत होते. आपल्यापैकी कोणाचा मुक्काम तीन वर्षांचा, कोणाचा पाच. मंडळे उत्साहाने उभी राहतात आणि बदलीच्या हुकुमांबरोबर विस्कटतात. शाळेची बदली होत नाही. पहाडगंजात नूतन मराठी शाळा आहे, इतरत्रही शाळांची सभागृहे सायंकाळी रिकामी असतात. महिन्यातील एक ठरावीक सायंकाळ, पन्नास खुर्च्या आणि नवे लिहिणारा एक जण, एवढ्यावर आरंभ करता येईल. पाहुण्या नाटकाचे स्वागत आपण अवश्य करावे. पण त्याची वाट पाहत बसणे हेच आपले नाट्यप्रेम ठरू नये, एवढीच आमची विनंती आहे.