दाराच्या घडीतला गंज

लोखंडाचा जो इतिहास आम्ही शाळेत शिकवतो, तो तलवारींचा, तोफांचा आणि आगगाड्यांचा. गंजाचा इतिहास कोणी शिकवीत नाही. वास्तविक लोखंडाला माणसाने आकार दिला त्या दिवसापासून गंज त्याच्या पाठीशी लागलेला आहे. खाणीतून लोखंड बाहेर येते ते प्राणवायूशी जोडलेल्या रूपात. भट्टीत घालून आपण ती जोडी फोडतो आणि हवा-पाणी मिळताच ते पुन्हा आपल्या जुन्या सोबत्याकडे जाऊ पाहते. इतके मला ठाऊक होते. पण ज्या मोटारीच्या रंगात आपले तोंड पाहावे, जिची नवेपणीची किंमत ऐकून आपल्यासारख्याने गप्प बसावे, तिची दारे दहा-बारा वर्षांत खालच्या कडेने कुजावीत, याचा उलगडा होत नव्हता. तो करण्यासाठी थोडे मागे जावे लागते.

मोटारी प्रथम निघाल्या तेव्हा श्रीमंताची गाडी दोन ठिकाणी तयार होई. यंत्र आणि सांगाडा एका कारखान्यात. वरची पेटी बग्ग्या बांधणाऱ्या कारागिरांकडे. लाकडाची चौकट आणि तिच्यावर पत्रा, अशी ती पेटी असे. पुढे १९१०च्या दशकात फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड याने सबंध पोलादी पेटी बनवून दाखवली. लाकूड गेले आणि दाराला आजचे रूप आले. दार म्हणजे दोन पत्रे: एक आतला, मजबुतीचा, दुसरा बाहेरचा, शोभेचा. शिंपी जशी कापडाची कड दुमडतो, तशी बाहेरच्या पत्र्याची कड आतल्या पत्र्यावर दुमडून दाबतात. ही दुमड हेच दाराचे मर्मस्थान.

पुष्कळांना वाटते की मोटारीच्या दारात पाणी शिरत नाही. ते शिरतेच. काचेच्या फटीतून पाऊस आत उतरणार हे गृहीत धरूनच दार बांधलेले असते, आणि ते पाणी वाहून जावे म्हणून तळाला लहान भोके ठेवलेली असतात. धूळ, पालापाचोळा, एखाद्याने निष्काळजीपणे लावलेला रंग यांनी ती बुजली की पाणी तळाशी साचते. दुमडीतली फट केसाइतकी बारीक. दिव्याची वात तेल ओढते तशी ती पाणी ओढून धरते. रंगाचा हात तिथे पोचत नाही. थंड देशांत रस्त्यावरचे बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात, कोकणात ते समुद्राची हवा आणून देते. आणि खारे पाणी गंजाला पंख देते.

यावर उपाय नव्हता असे नाही. १८२४ साली हंफ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने आरमारासाठी एक प्रयोग केला. जहाजांच्या तळाला ठोकलेले तांब्याचे पत्रे समुद्रात झिजत. डेव्हीने त्यांना जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडले. तुकडे खाल्ले गेले, तांबे शाबूत राहिले! दोन धातू ओलाव्यात एकत्र आले की अधिक उतावळा धातू आधी स्वतःचा नाश करून घेतो आणि दुसऱ्याला वाचवतो, हा तो नियम. गंमत अशी की झिजणारे तांबे विषारी असल्यामुळेच शेवाळ आणि शिंपले तळाला चिकटत नसत. तांबे वाचले आणि शिंपल्यांनी तळ भरला. जहाजे मंदावली आणि योजना सोडून द्यावी लागली. नियम मात्र खरा ठरला. १८३७ साली सोरेल या फ्रेंच अभियंत्याने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवून काढण्याच्या कृतीचे पेटंट घेतले. ज्या जस्ताचे ऊर्ध्वपातन उदयपूरजवळच्या झावर येथे मध्ययुगातच मोठ्या प्रमाणावर होत होते, ते असे जगाच्या कामी आले. आपल्या विहिरीवरची बादली आणि गोठ्यावरचा पत्रा ही त्याचीच संतती.

आता पाहा: गरिबाच्या बादलीला हे कवच मिळाले, पण श्रीमंताच्या मोटारीला ते मिळायला जवळजवळ १४० वर्षे लागली. जस्ती पत्र्यावर रंग आरशासारखा बसत नसे आणि त्याची सांधजोडही त्रासाची होती. टिकाऊपणा आणि झळाळी यांत निवड करण्याची वेळ आली, तेव्हा झळाळी जिंकली. १९६०च्या दशकात फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर याने सबंध पेटी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या प्रवाहाने आतल्या पोकळ्यांतही रंग पोचवण्याची रीत बसवली. १९७५मध्ये पोर्शने आपल्या ९११ गाडीची पेटी जस्ती पत्र्याची केली, १९८५मध्ये आउडीने १०० या गाडीसाठी तोच मार्ग धरला. म्हणजे विद्या हाती आली होती. तरीही मर्सिडीज-बेंझच्या १९९५ ते २००२ या काळातल्या ई-वर्गाच्या गाड्या दारांच्या कडा, रबरी पट्ट्यांखालची जागा आणि चाकांच्या कमानी येथल्या अकाली गंजासाठी जगभर बदनाम झाल्या; त्यांच्या आधीची पिढी तर टिकाऊपणासाठी नावाजलेली! ज्ञान एकदा मिळाले की ते कायमचे वापरात राहते, हा समज इतिहासाच्या विद्यार्थ्याने सोडून द्यावा.

या सगळ्याचा भुर्दंड कोणाला, हे मी आमच्या गावी पाहिले. माझ्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांची खानावळ आहे. त्यांनी मुंबईहून एक जुनी उंची मोटार आणली. वर सांगितलेल्यांपैकी नव्हे, वेगळ्याच कंपनीची. थोरल्या मुलीचे लग्न ठरायचे होते, आणि दारात गाडी असली की बोलणी करताना मान वर राहते असे त्यांना वाटे. दुसऱ्या पावसाळ्यात दाराच्या तळाशी रंगाला फोड आले. रंगाऱ्याने घासून लांबी भरली, वर रंग मारला. चार महिन्यांत फोड पुन्हा हजर. शेवटी पत्र्याचे काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने तारेने खालची भोके मोकळी केली, तेव्हा पेलाभर तांबूस पाणी बाहेर आले. "मास्तर, हा रोग आतला. बाहेरून मलम लावून कसा जाणार?" तो म्हणाला. त्याने कुजलेली कड कापून नवा पत्रा जोडला, आत गंजरोधक रंग आणि मेण सोडले. बिल ऐकून खानावळवाल्यांचा चेहरा उतरला. पण त्या दारांना नंतर फोड आले नाहीत.

मला त्या गृहस्थांच्या चेहऱ्यात गंजाच्या इतिहासाचे सार दिसले. नव्या गाडीचा पहिला मालक गंज पाहतच नाही. तो तीन-चार वर्षे झळाळी भोगतो आणि गाडी विकतो. कारखान्यात दुमडीच्या आत वाचवलेल्या चार पैशांचा हिशेब दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या अंगणात होतो, आणि तो मालक बहुधा पोटाला चिमटा घेऊन प्रतिष्ठा विकत घेणारा असतो. गंजाविरुद्धच्या हमीपत्रांतही बहुतेक वेळा पत्र्याला आतून आरपार भोक पडले तरच भरपाई मिळते, आणि त्यासाठी देखभालीची कागदपत्रे सलग लागतात. ती त्याच्यापाशी क्वचितच असतात.

म्हणून जुनी मोटार घेणाऱ्याने तिच्या रंगात आपले तोंड पाहू नये. दार उघडून खाली वाकावे, रबरी पट्टी उचलून पाहावी, दुमडीवरून बोट फिरवावे आणि पाण्याची भोके मोकळी आहेत की नाही ते तपासावे. गाडी घेतल्यावरही प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ती भोके साफ करावीत. या कामाला एक तार आणि पाच मिनिटे पुरतात.