बंदिजनांचे हक्क आणि बंदिजनांची भाषा : ठाणे ते जव्हार-मोखाडा

बंदिजनांच्या हक्कांचा इतिहास बहुधा अन्न, वस्त्र, निवारा आणि शिक्षा या चार मथळ्यांखाली लिहिला जातो. भाषेचा पाचवा मथळा मात्र उपेक्षित राहिला आहे. आपणास का धरले, किती दिवस ठेवणार आणि सुटकेचा मार्ग कोणता, हे बंदिवानास त्याला न समजणाऱ्या भाषेत सांगितले गेले, तर उरलेल्या हक्कांची मागणीही त्याला करता येत नाही. जव्हार व मोखाडा या तालुक्यांच्या संदर्भात हा प्रश्न विशेष विचारार्ह ठरतो.

जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा त्यापूर्वीपासूनच इंग्रजी अमलाखालील ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा निर्माण होईपर्यंत दोन्ही भाग ठाण्याच्याच कारभाराखाली राहिले. त्या जिल्ह्याचा मोठा तुरुंग म्हणजे ठाण्याचा किल्ला. पोर्तुगिजांनी आरंभिलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी आणि डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला. पुढे त्याचे रूपांतर तुरुंगात झाले. ‘तुरुंग’ हा शब्दही पोर्तुगीज ‘त्रोंको’ या शब्दावरून आला असे मानतात. त्याचा मूळ अर्थ झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड. मराठीतील ‘खोड’ आणि ‘खोडा’ यांचे नाते लक्षात घेता हा अर्थविकास सहज पटण्याजोगा आहे.

याच किल्ल्यात दुसऱ्या बाजीरावाचा कारभारी त्रिंबकजी डेंगळे यास १८१५ मध्ये ठेवण्यात आले. फितुरी होऊ नये म्हणून पहाऱ्यावर युरोपीय शिपाई नेमले होते. एक मोतद्दार खिडकीखाली घोड्याची निगा राखताना मराठी गाणे म्हणत असे, त्या गाण्यातच सुटकेची योजना गुंफलेली असे आणि पहारेकऱ्यांना ती कळत नसे, अशी हकीकत बिशप हेबर याने आपल्या प्रवासवृत्तात नोंदवली आहे. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. हकीकतीतील तपशील काहीसा रंगवलेला असेल. तथापि कैदी आणि कैद करणारा यांच्यामधील भाषेचे अंतर तीत स्पष्ट उमटले आहे. तेथे त्या अंतराचा लाभ कैद्यास झाला. सामान्य कैद्याच्या वाट्याला त्याची हानीच येते.

१९५० च्या संविधानाने अनुच्छेद २२ अन्वये अटकेची कारणे कळवणे बंधनकारक केले. परंतु ‘कळवणे’ म्हणजे काय? हा प्रश्न महाराष्ट्रातूनच १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. नागपूरच्या हरिकिसन नामक स्थानबद्धास कारणे इंग्रजीत देण्यात आली होती. त्याने हिंदी प्रत मागितली, ती नाकारली गेली. पोलीस अधिकाऱ्याने तोंडी अर्थ सांगितला होता, असे शासनाचे म्हणणे. न्यायालयाने ते अमान्य केले. व्यक्तीला समजेल अशा भाषेत आणि लिपीत मजकूर हाती पडला नाही, तर कळवणे झालेच नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

भाषेच्या हक्काची दुसरी बाजू १९६५ मध्ये पुढे आली. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईच्या जिल्हा तुरुंगात असलेले प्रभाकर संझगिरी यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हा शास्त्रीय ग्रंथ मराठीत लिहिला. हस्तलिखित प्रकाशनार्थ बाहेर पाठवण्यास शासनाने नकार दिला. स्थानबद्धतेच्या नियमांत ज्यास स्पष्ट मनाई नाही, ते हिरावून घेणे हा व्यक्तिस्वातंत्र्याचा संकोच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने दिला.

१९८३ मध्ये पत्रकार शीला बारसे यांच्या पत्रावरून दिलेल्या निर्णयाने हा विचार पोलीस कोठडीपर्यंत नेला. त्यांनी मुंबईच्या तुरुंगात १५ स्त्री-बंदींच्या मुलाखती घेतल्या होत्या; त्यांपैकी ५ जणींनी कोठडीत मारहाण झाल्याचे सांगितले. स्त्रियांसाठी स्वतंत्र कोठडी, अटकेची वार्ता नातेवाइकास व विधिसाहाय्य समितीस देणे, न्यायाधीशांच्या अकस्मात भेटी, असे आदेश निघाले. शिवाय अटक झालेल्याच्या हक्कांचे पत्रक मराठी, हिंदी व इंग्रजीत छापून कोठडीत लावावे आणि यांपैकी त्यास समजेल त्या भाषेत वाचून दाखवावे, असेही ठरले. निरक्षर बंदिवानाचा विचार करून वाचून दाखवण्याचे कलम घातले, हे त्या आदेशाचे मोठे महत्त्व.

परंतु जव्हार-मोखाड्याकडे पाहता हाच आदेश अपुरा ठरतो. या डोंगराळ मुलखात वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी यांची वस्ती आहे. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात वारली व कातकरी या बोली मराठीच्या छत्राखाली नोंदल्या आहेत. वर्गीकरण म्हणून त्यास काही आधार असेल. पण प्रशासनाने त्यावरून ‘मराठी समजते’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. बाजारात मीठ-मिरचीचा व्यवहार करण्यापुरती मराठी येणे निराळे आणि ‘न्यायाधीन बंदी’, ‘जातमुचलका’, ‘दोषारोप’ हे शब्द समजणे निराळे. अधिकाऱ्यासमोर घातलेली ‘हो’ ही आकलनाची खूण मानता येत नाही. बहुधा ती भयाची किंवा अदबीची असते. १८१६ मध्ये ठाण्याच्या पहारेकऱ्यास मराठी परकी होती. १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर मराठी हीच शासनाची भाषा झाली, आणि पाड्यावरच्या माणसाच्या दृष्टीने ती पहारेकऱ्याचीही भाषा झाली.

याचे परिणाम केवळ शाब्दिक नाहीत. ‘जामीन’ हा अरबी मुळाचा शब्द हमी देणारा माणूस आणि मिळणारी सुटका या दोहोंसाठी मराठीत वापरला जातो. जमिनीचा उतारा नसलेल्या, दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाला असा हमीदार मिळणे दुर्घट. १९७८ मध्ये मोतीराम या गवंड्याच्या खटल्यात न्यायालयाने गरिबाकडून अवास्तव हमी मागण्याचा व परजिल्ह्यातील जामीनदार नाकारण्याचा निषेध केला. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे अनुसूचित जमातीची व्यक्ती आणि अटकेतील व्यक्ती, दोघेही मोफत वकिलास पात्र आहेत. म्हणजे जव्हारचा आदिवासी बंदी दुहेरी नात्याने पात्र ठरतो. मात्र हे त्यास कोणी त्याच्या बोलीत सांगितले नाही, तर तो वकील मागणार कसा? आणि घरचे लोक सुमारे शंभर किलोमीटरांवरील ठाण्यास भेटीला जाणार, तर त्या दिवसाची मजुरी बुडवूनच.

सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये अटकेची कारणे समजणाऱ्या भाषेत देण्याचे बंधन पुन्हा दृढ केले. त्याच्या अंमलबजावणीत बोलींचे अभ्यासक प्रत्यक्ष उपयोगी पडू शकतात. हक्कांच्या पत्रकाचा वारली व कातकरी पाठ सिद्ध करणे, तो त्या भाषकांकडून तपासून ध्वनिमुद्रित करणे, आणि ऐकल्यावर बंदीने त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगितला तरच ‘कळवले’ अशी नोंद होणे, एवढे काम भाषाविभागांच्या आवाक्यातील आहे. कोश आणि व्याकरण यांच्या सिद्धतेसाठी ज्या पाड्यांवरून शब्द गोळा केले गेले, त्या पाड्यांचे हे ऋण आहे.