सनदीतून गळलेली नावे

आर्वीत कापसाच्या गाड्या बघत मी वाढलो. कापूस इथला, पण त्याच्या कापडाला रंग चढवण्याचे शास्त्र आपल्याकडे कोणी उभे केले, हे शाळेत कधी कळले नाही.

मुंबई विद्यापीठाने १९३३ मध्ये रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढला. लोक त्याला यूडीसीटी म्हणत. वस्त्ररसायन हा तिथला सुरुवातीपासूनचा विषय. १९३४ मध्ये लाहोरहून के. वेंकटरमण तिथे आले. मँचेस्टरला ते रॉबर्ट रॉबिन्सन यांच्या हाताखाली शिकले होते. १९३८ मध्ये ते विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले. त्यांचे विद्यार्थी बी. डी. टिळक पुढे ऑक्सफर्डला त्याच रॉबिन्सन यांच्याकडे संशोधनाला गेले. १९५७ मध्ये वेंकटरमण पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले, आणि १९६६ मध्ये त्या खुर्चीवर टिळक बसले. एका विभागातले गुरु-शिष्याचे नाते असे देशाच्या प्रयोगशाळेपर्यंत पोहोचले.

रसायनशास्त्राच्या पुस्तकात ‘बेकर-वेंकटरमण पुनर्रचना’ शिकवतात. फुलापानांतल्या पिवळ्या रंगद्रव्यांच्या कुळातली फ्लेवोन संयुगे तिच्या मदतीने बनवता येतात. इंग्लंडमध्ये बेकर आणि इथे वेंकटरमण, दोघांनी ती स्वतंत्रपणे मांडली. पण वेंकटरमण यांच्या १९३४ च्या शोधनिबंधावर आधी नाव आहे ते महल या त्यांच्या सहकाऱ्याचे. अभिक्रियेच्या नावात महल नाहीत.

यात फक्त दुसऱ्यांना दोष देऊन भागणार नाही. ‘थोर मुस्लिम शास्त्रज्ञ’ अशी यादी मोबाइलवर येते, मीही ती पुढे पाठवली आहे. तिच्यात सलीमुज्जमान सिद्दीकी असतात. सर्पगंधेतून त्यांनी काढलेल्या द्रव्याला हकीम अजमल खान यांच्या नावावरून अजमलिन म्हणतात. मात्र १९३१ च्या त्या शोधनिबंधावरचे दुसरे नाव, रफत हुसेन सिद्दीकी, त्या यादीत मला दिसले नाही.

हदीसच्या अभ्यासात आपल्या उलेमांनी नुसते वचन कधी स्वीकारले नाही. कोणी कोणाकडून ऐकले, याची पूर्ण सनद मागितली. मधले एक नाव गळले तरी ती सनद कच्ची ठरते. हा वारसा सांगणाऱ्या आपण शास्त्रज्ञांच्या बाबतीत मात्र एकाच नावावर समाधान मानतो. एकट्या नावाचा अभिमान वाटेल, पण आर्वीच्या एखाद्या मुलीला संशोधन कसे होते हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी तिला सबंध साखळी दाखवावी लागेल.