न्याहारी कोणाच्या हातची?

मुंबईत चांगली न्याहारी कोठे मिळते, या प्रश्नाचे उत्तर आज चवीच्या आणि खिशाच्या हिशेबाने दिले जाते. धोबी तलावाजवळ कयानीमध्ये ब्रून मस्का आणि चहा घ्यावा, माटुंग्याला कॅफे मद्रासमध्ये रसम-वडा खावा, दादरला मिसळ खावी. ही उत्तरे चुकीची नाहीत. परंतु सव्वाशे वर्षांपूर्वी एखाद्या नवख्या माणसाने हाच प्रश्न विचारला असता, तर त्याला आधी प्रतिप्रश्न झाला असता : आपण कोण? म्हणजेच, आपली जात कोणती? घराबाहेर खाणे म्हणजे परक्या हातचे खाणे, आणि तो हात कोणाचा यावर अन्नाची शुद्धाशुद्धता ठरत असे. मुंबईच्या न्याहारीचा इतिहास पदार्थांचा आहे, त्याहून अधिक तो या हाताचा इतिहास आहे.

त्याची एक सुरुवात पावापासून करता येईल. पाव पोर्तुगीजांबरोबर पश्चिम किनाऱ्यावर आला आणि गोव्याच्या ख्रिस्ती भट्टीवाल्यांनी तो मुंबईत रुजवला. हिंदूंच्या लेखी तो बाटवणारा पदार्थ होता. १८४९ साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेने नेमके हेच हेरले. या गुप्त मंडळीत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. जातिभेद मोडण्याची प्रतिज्ञा तोंडाने म्हणून भागत नव्हते, ती गिळावी लागत होती. १८६०च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस जाऊन सभासदांची नावे उघड झाली, आणि सभा मोडली. पुढे १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये पुढे आलेल्या चहाने केवढे वादळ उठले, हे सर्वश्रुत आहे. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले आणि न्यायमूर्ती रानड्यांनीही अखेर प्रायश्चित्त घेतले. एका पेल्याची किंमत एवढी होती.

मुंबईत मात्र दरम्यान एक वेगळी शक्ती काम करू लागली होती. १८५६ साली ताडदेवला कावसजी दावर यांची कापडगिरणी सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरी, साताऱ्याकडचे पुरुष हजारोंच्या संख्येने गिरणगावात आले. बायकामुले गावी, राहायला दहाबारा जणांत एक खोली, आणि पहाटे गिरणीचा भोंगा. अशा माणसाला जेवण खाणावळवाली बाई देई. ती बहुधा त्याच्याच गावची, त्याच्याच जातीची असे. खाणावळीने गाव शहरात आणले, पण गावाबरोबर जातही आणली. गिरणीतही तेच. धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागते, या सबबीवर अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत. १९२८च्या संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला. उष्ट्याचा विटाळ ताटावरून यंत्रावर गेला होता, इतकेच.

या कोंडीला बाजूने वाट काढली ती इराण्याने. याझ्द आणि केरमानकडून आलेल्या या मंडळींनी, मुख्यतः झरतुष्ट्री आणि काही मुसलमान, नाक्यानाक्यावर चहाची दुकाने काढली. कयानी १९०४चे. जातींच्या उतरंडीत इराण्याला स्वतःचे असे स्थान नव्हते, म्हणून गिऱ्हाइकाची जात विचारण्यात त्याला स्वारस्यही नव्हते. ज्या पावासाठी परमहंस सभेला दारे लावून घ्यावी लागली, तोच पाव लोण्याचा हात फिरवून रस्त्याच्या नाक्यावर, लाकडी खुर्चीवर बसून, चहात बुडवून खाता येऊ लागला. ही क्रांती कोणी घोषित केली नाही. ती पैशादोनपैशांच्या व्यवहारात झाली. बायकांसाठी तेथे आडोशाचा स्वतंत्र ‘फॅमिली रूम’ असे, हेही विसरू नये. सगळ्या भिंती एकदम पडत नाहीत.

उलट दिशेचे उत्तरही त्याच काळात मिळत होते. दादरला १९१० साली मामा काणे यांनी काढलेल्या उपाहारगृहाच्या मूळ नावातच ‘दक्षिणी ब्राह्मणांचे’ असे शब्द होते. ‘स्वच्छ’ हा शब्दही त्यात होता, आणि दोन्ही शब्द एकमेकांची हमी देत होते. माटुंग्याच्या उडुपी उपाहारगृहांची पूर्वपीठिकाही मठ-मंदिरांच्या पाकशाळांची. ब्राह्मण आचारी ही त्यांची पत होती. या गृहांनी सोवळ्या घरांतल्या माणसांना बाहेर खायला शिकवले, हे त्यांचे ऋण मोठे आहे. पण दार सर्वांना उघडे असावे, हे अखेर कायद्याला सांगावे लागले. १९५०च्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने आणि उपाहारगृहे यांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो उगाच नव्हे.

आणि मग त्याच दादरला, स्टेशनाबाहेर, १९६६च्या सुमारास अशोक वैद्य यांनी बटाटावडा पावात घालून विकायला सुरुवात केली, असे मानले जाते. शिवसेनेची स्थापनाही १९६६चीच. उडुपी हॉटेलांविरुद्ध उभ्या राहिलेल्या त्या राजकारणात पुढे वडापाव मराठीपणाची खूण ठरला. बटाटा, मिरची आणि पाव हे तिन्ही समुद्रापलीकडून आलेले. परक्याच्या द्वेषावर उभ्या राहिलेल्या अस्मितेने निवडलेला पदार्थ असा नखशिखांत परका असावा, याला काय म्हणावे? बाटवणारा पाव शंभर-सव्वाशे वर्षांत अस्सल झाला, यात शहराचा पराक्रम आहे. हात कोणाचा, हे विसरण्याची सोयही त्यात आहे.

कारण प्रश्न मिटलेला नाही. त्याने कपडे बदलले आहेत. २०२३ साली पवईच्या आयआयटीत वसतिगृहाच्या भोजनगृहात शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबले राखण्यावरून वाद झाला आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दंड झाला. आज जातीचे नाव कोणी घेत नाही. बोलणे आवडीनिवडीचे, आरोग्याचे, वासाचे असते. पण शेजारच्या ताटाने आपले ताट बाटते, ही भावना १८४९मध्ये होती तीच आहे.

तेव्हा मुंबईत चांगली न्याहारी कोठे मिळते? मस्का ताजा हवा, चहा कडक हवा, इडली वाफाळती हवी, हे तर खरेच. पण या शहराने दीडशे वर्षे खपून आणखी एक कसोटी घडवली आहे, आणि ती चवीइतकीच जपण्याजोगी आहे. ज्या टेबलापाशी समोर येऊन बसणाऱ्या अनोळखी माणसाला ‘आपण कोण?’ असे कोणी विचारत नाही, फक्त खुर्ची सरकवून जागा करून देतो, तेथे ती मिळते.