हृदय सुरू झालं, पण रक्त पोचलं का?

सीपीआर तुमच्यापैकी अनेकांनी ऑफिसात नाहीतर कॉलेजात शिकलेला असेल. प्लास्टिकच्या पुतळ्याच्या छातीवर दोन्ही हातांनी जोरात, भराभर दाब द्यायचा. सिनेमात मॉनिटरवरची रेषा पुन्हा उड्या मारायला लागली की सीन संपतो. आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांचा प्रश्न मात्र तिथेच सुरू होतो: हृदय चालतंय, बीपी आहे, मग माणूस डोळे का उघडत नाही? याचं उत्तर एकच नाही. आज आपण त्यातला एकच भाग बघू, केसाहून बारीक असलेल्या केशवाहिन्यांचा.

बाहेरून छाती दाबायची पद्धत जगापुढे आली 1960 साली, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधून. ती मांडणाऱ्या तिघांपैकी कौवेनहोवेन हे डॉक्टर नव्हते, इलेक्ट्रिकल इंजिनिअर होते. (आमच्या श्रोत्यांतल्या इंजिनिअरांनी कॉलर ताठ करावी.) तेव्हाची समजूत साधी होती. रक्त काही मिनिटं थांबलं की मेंदूच्या पेशी मरतात, म्हणून ते लवकर सुरू करा. सुरू केलेलं रक्त सगळीकडे पोचतंच, हे इतकं उघड वाटायचं की ते तपासायची गरज फारशी कुणाला वाटत नव्हती.

1968 मध्ये बोस्टनच्या अ‍ॅडेलबर्ट एम्स आणि सहकाऱ्यांनी ते तपासलं. सशांच्या मेंदूचा रक्तपुरवठा त्यांनी कमी-जास्त वेळ थांबवला आणि मग रक्तवाहिन्यांत कार्बनचा काळा द्राव सोडला. जिथे वाट मोकळी, तिथे मेंदू काळा व्हायला हवा. थोडाच वेळ थांबवलं होतं तिथे तसंच झालं. जास्त वेळ थांबवलेल्या मेंदूंत मात्र पांढुरके पट्टे राहिले. मोठ्या वाहिन्या उघड्या होत्या, पण बारीक वाहिन्यांत द्राव शिरतच नव्हता. मेन लाइनला पाणी आलं, पण घरातला नळ कोरडाच. याला त्यांनी 'नो-रिफ्लो' असं नाव दिलं. त्या पेपरचे एक लेखक ग्वीदो मायनो यांनी पुढे प्राचीन काळातल्या जखमांच्या उपचारांवर पुस्तक लिहिलं, आणि त्यात भारतीय वैद्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. विषयांतर झालं, पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

शीतयुद्धाच्या पलीकडच्या बाजूला, मॉस्कोत, व्लादिमिर नेगोव्स्की 1936 पासून याच कामात होते. 1972 मध्ये त्यांनी म्हटलं की मरणाच्या दारातून परत आणलेल्या शरीराला एक वेगळाच आजार होतो, आणि त्यावर वेगळे उपचार हवेत. मला हे वाक्य एम्सच्या प्रयोगाइतकंच मोठं वाटतं, कारण त्यामुळे हृदय सुरू होणं हा उपचाराचा शेवट न राहता मधला टप्पा झाला.

पण या वाहिन्या बंद का होतात? एक संशय होता गोठलेल्या रक्तावर. 1990 च्या दशकात जर्मन संशोधकांना दिसलं की हृदय बंद पडलेल्या रुग्णांत रक्त गोठण्याची क्रिया जोरात सुरू होते, गुठळ्या विरघळवणारी क्रिया मात्र तेवढी वाढत नाही. मांजरांमध्ये गुठळी विरघळवणारं औषध आणि हेपरिन दिल्यावर मेंदूतले कोरडे भाग कमीही झाले. मग हेच माणसांत का करू नये?

केलं. युरोपात हॉस्पिटलबाहेर हृदय बंद पडलेल्या 1050 जणांना सीपीआर चालू असतानाच टेनेक्टेप्लेज किंवा नुसतं प्लासिबो दिलं गेलं. निकाल 2008 मध्ये आला. 30 दिवसांनी जिवंत असलेले औषधाच्या गटात 14.7 टक्के, प्लासिबोच्या गटात 17 टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण फायदा दिसला नाही हे नक्की, आणि औषधाच्या गटात मेंदूत रक्तस्राव जास्त झाले. त्यावर वाद आहेत. सोबत हेपरिन दिलं नव्हतं, असं काही जण म्हणतात. तरी तर्क इतका सरळ असताना तो माणसांत चालला नाही, हे विसरून चालणार नाही.

त्यानंतर नजर वळली खुद्द वाहिनीच्या भिंतीकडे. केशवाहिनीला बाहेरून बिलगून पेरिसाइट नावाच्या पेशी असतात. 2014 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की ऑक्सिजन तुटला की या पेशी आवळल्या जातात आणि तशाच आवळलेल्या अवस्थेत मरतात. मेलेली मूठ उघडत नाही. मग वरून बीपी कितीही चांगलं ठेवा, लाल पेशींना तिथून पुढे सरकायला जागाच उरत नाही. हे काम मेंदूच्या स्ट्रोकच्या संदर्भातलं आहे. हृदय बंद पडल्यानंतर पेरिसाइटचा वाटा किती, आणि सूज, चिकटलेल्या पांढऱ्या पेशी, गुठळ्या यांचा किती, यावर अजून काम चालू आहे. आयसीयूत आता जिभेखाली छोटा कॅमेरा धरून बारीक वाहिन्यांतलं रक्त वाहताना बघता येतं. मेंदूतल्या वाहिन्यांपर्यंत तो कॅमेरा पोचत नाही.